बिनखाडा

३१ मे २०२५ रोजी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. दाखल्यावरची माझी जन्मतारीख १ जून १९६७. आमच्या वेळी खेड्यात मूल शाळेत घातलं की गुरुजी हीच तारीख लिहून टाकायचे, त्यामुळे त्याच दिवशी निवृत्त होणारे तालुक्यात बरेच होते. निरोपाला केंद्रप्रमुख आले, सरपंच आले, कितीतरी जुने विद्यार्थी आले. केंद्रप्रमुख भाषणात म्हणाले, "बाईंची पस्तीस वर्षांची नोकरी म्हणजे बिनखाडा नोकरी. स्वतःच्या दुखण्यापायी त्यांनी कधी शाळा बुडवली नाही." खूप टाळ्या पडल्या. शाल-नारळ घेताना माझं डावं मनगट नीट वळत नव्हतं, म्हणून नारळ मी उजव्या हातात धरला.

हे कौतुक मला आयुष्यभर हवं होतं. त्याच्यासाठीच मी राबले, असं म्हटलं तरी चालेल. आणि ते मिळालं त्या दिवशी मला उठून सांगावंसं वाटलं की साहेब, हे सांगू नका. समोर माझ्या शाळेतल्या चार तरुण शिक्षिका बसल्यात, त्यांना तरी हे सांगू नका. पण समारंभ होता, माणसं मायेने आली होती. तेव्हा राहून गेलं ते आता लिहिते आहे.

माझं मत काय होतं, ते आधी स्वच्छ सांगते. बाईने पहिलं घरचं बघावं, मग नोकरीचं बघावं आणि स्वतःचं निवृत्तीनंतर बघावं. मी हे नुसतं मानत नव्हते, शिकवत होते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण दरवर्षी माझंच असे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई १८९७ साली गेल्या, हे सांगून मी माझ्या आईवर यायचे. ती सगळ्यांत शेवटी जेवायची, कधी कधी टोपलीत भाकरीचा तुकडाच उरलेला असायचा. मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मला समाधान वाटायचं. साथीत माणसं मरत असताना जिवावर उदार होणं वेगळं, आणि रोजच्या शाळेसाठी, रोजच्या स्वयंपाकासाठी अंगावर दुखणं काढणं वेगळं. हा फरक मी मुलींना कधी सांगितला नाही, कारण तो माझ्याच ध्यानात आला नव्हता. एखादी नवी शिक्षिका पाळीत पोट धरून बसली तर मी म्हणायचे, "आम्ही नाही का काढले दिवस?"

माझ्या एका वहीत शेवटच्या पानावर यादी होती. निवृत्तीनंतर गुडघे दाखवायचे. रक्त, साखर तपासायची. सकाळी फिरायला जायचं. ही कामं पुढे ढकलली म्हणजे ती तिथे तशीच थांबून राहतील आणि मी मोकळी झाले की माझी वाट बघत असतील, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

पेन्शनचं प्रकरण करायचं म्हणून गेल्या वर्षी सेवापुस्तक काढलं. त्यातली रजेची पानं मी पहिल्यांदाच सलग वाचली. माझ्या नावावर अकरा वेळा वैद्यकीय रजा आहे. प्रत्येकीला प्रमाणपत्र जोडलेलं, प्रत्येकावर दुखण्याचं नाव. १९९६, विषमज्वर, १२ दिवस. मला विषमज्वर झाला नव्हता, मुलीला कावीळ झाली होती. २००३, पाठदुखी, २१ दिवस. त्या दिवसांत सासूबाईंचं न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी सोलापूरला त्यांच्या खाटेपाशी होते. २०११, रक्तदाब. तो ह्यांचा. एकेक नोंद वाचत गेले आणि एकेक चेहरा आठवत गेले. अकराच्या अकरा रजा दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्यासाठी. ती प्रमाणपत्रं खोटी होती, हे आज लिहिताना लाज वाटते; ज्यांनी दिली त्यांनी भीड म्हणून दिली, मागितली मी होती. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. सरकारदरबारी मी अकरा वेळा आजारी होते आणि त्या अकरा वेळांत एकदाही कुणी माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला नव्हता.

पण माझं मत बदललं ते सेवापुस्तकाने नाही. ते त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, शाळेच्या पायरीवर बदललं. पाऊस पडून गेला होता. हातात हजेरीचे कॅटलॉग होते, पाय सरकला, तोल सावरायला डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. पायरी वीतभर उंचीची. उभ्याउभ्या पडल्यावर हाड मोडायला नको असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांनी सोलापूरला हाडांची घनता मोजायला पाठवलं. त्या तपासणीला डेक्सा म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, दुखणं नाही. आकडा आला उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की तो पंडुरोग.

डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी थांबली?"

मी म्हटलं, "पिशवी काढली, एकोणचाळिसाव्या वर्षी."

"बीजांडकोष ठेवलेत का काढलेत?"

मला उत्तर येईना. मी शिक्षिका. पाचवीच्या मुलांना शरीराचे अवयव शिकवलेली. माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन ट्रंक उघडली. प्लास्टर घातलेला हात पोटाशी धरून एका हाताने कागद उपसले. घराच्या उताऱ्याखाली, विम्याच्या पावत्यांखाली, २००७ चं डिस्चार्ज कार्ड सापडलं. निळ्या शाईतलं इंग्रजी अक्षर लागेना, म्हणून फोटो काढून मुलीला पाठवला. तिचा फोन आला. "आई, दोन्ही काढलेत." सतरा वर्षं तो कागद माझ्या घरात होता.

२००७ साली काय झालं होतं, तर पाळीत अंगावरून फार जायचं. दीडेक वर्ष मी ते सोसलं. वर्गात पांढरी साडी नेसायचं बंद केलं, दर तासाला उठून जायचे. मग एका खासगी दवाखान्यात दाखवलं. गाठी आहेत म्हणाले, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. गोळ्यांनी भागेल का, नुसत्या गाठी काढता येतील का, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन मिळतं ते चालेल का, यातलं मी काहीही विचारलं नाही. बीजांडकोष राहतील का, हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी एकच प्रश्न विचारला, "मेच्या सुट्टीत उरकेल ना?" उरकलं. १५ जूनला मी शाळेत हजर होते.

त्यांनी मला सांगायला हवं होतं, यात शंका नाही. पण मीही कान बंद करून गेले होते. बीजांडकोष गेले की हाडांना जपणारं इस्ट्रोजेन एकदम थांबतं. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला जाते, आणि त्यानंतरची पाच-सात वर्षं हाडं फार वेगाने झिजतात. माझी ती झीज एकोणचाळिशीतच सुरू झाली. तेव्हा कळलं असतं तर औषधं होती, पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायचे की नाही याचा विचार डॉक्टरांशी बसून करता आला असता, दूध-तीळ-नाचणी बघता आली असती, जोर पडेल असा व्यायाम करता आला असता. त्या वर्षांत मी कडक उन्हात सर्वेक्षणं केली, निवडणुकीच्या ड्युट्या केल्या आणि रात्री अंग मोडून यायचं त्याला दमणूक म्हटलं.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या उठल्या नाहीत. पाठीला जखमा झाल्या, आठ महिन्यांनी गेल्या. ते सगळं मी माझ्या हातांनी केलं, कापूस-मलम, कूस बदलणं, सगळं. बाईचं हाड का मोडतं हे तेव्हा मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. म्हातारपण, म्हणून सोडून दिलं.

माझ्या मनातली एक गोष्ट या सगळ्यात फार खुपते. आमच्या शेजारी बीड जिल्हा. तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती बसली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. कामावर एक दिवस गेलं नाही की मुकादम पैसे कापतो, त्याला त्या लोकांत खाडा म्हणतात. पाळीमुळे, पांढऱ्या धुपणीमुळे खाडा पडू नये, म्हणून पिशवीच काढायची. मी त्यावर महिला दिनाला भाषण केलं होतं. अज्ञान, अंधश्रद्धा, गरिबी, असे शब्द वापरले होते. त्या बायकांचा खाडा खरा होता. त्यांच्या पोटावर पाय येत होता. माझी रजा भरपगारी होती, हक्काची होती, सेवापुस्तकात पडून होती. माझा एक रुपया कुणी कापला नसता. तरी मी तेच केलं, आणि तेही त्यांच्याबद्दल कळवळ्याने बोलायच्या बारा वर्षं आधी. त्या भाषणातला एक शब्दही मला आता परत घेता येत नाही.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला सर्वांत जड जातं.

२००१ च्या हिवाळ्यात मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावात होते. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांच्या मदतीने जिल्हाभर बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी चालली होती. तीस ते एकोणसाठ वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या बायका त्यांना हव्या होत्या. कार्यकर्त्या घरोघर जाऊन समजावत होत्या. त्यांनी मला विनंती केली की बाई, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात. मी सांगितलं. मुलांकरवी चिठ्ठ्या पाठवल्या. तिसरीतल्या एका मुलाची आई शाळेच्या फाटकाशी आली आणि पदर सारखा करत म्हणाली, "तुमी जाणार का बाई?"

मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. यादीत माझंही नाव होतं. मी म्हटलं, "मला शाळा आहे. मी नंतर बघेन. तुम्ही जा."

ती गेली नाही. तिच्या आळीतल्या बऱ्याच जणी गेल्या नाहीत. बाईच जात नाहीत, मग लाजायचं काम आपण कशाला करा, असं त्यांचं बोलणं झालेलं मला पुढे कळलं. ती बाई २००८ मध्ये वारली. वर्षभर अंगावरून जात होतं ते तिने लपवलं, बार्शीला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता.

ती तपासणीला गेली असती तर वाचलीच असती, असं कुणी सांगू शकणार नाही. ती तपासणी म्हणजे एक अभ्यास होता; त्यात काही गावांना एक तपासणी होती, काहींना दुसरी, काहींना नुसतं आरोग्यशिक्षण. पण त्याचं पुढे काय निघालं ते मी आता वाचलं आहे. जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा तो अभ्यास होता आणि २००९ साली तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी फक्त एकदा केली, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. जिथे तपासणी नव्हती तिथे ६४. आयुष्यात एकदा केलेली तपासणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. आज जगभर तिशीनंतर ही तपासणी करा असं सांगतात, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक आमच्या जिल्ह्यातल्या या बायकांनी दिलेला आहे. अंगठा उठवणाऱ्या बायकांनी. त्या तपासणीला गेल्या. शिकलेली बाई गेली नाही.

माझं स्वतःचं त्या बाबतीत काही वाईट झालं नाही. म्हणून तर ही गोष्ट मी वीस वर्षं विसरून गेले होते. मनगट मोडल्यावर एका सुट्टीच्या दुपारी रिकामी बसले असताना ती आठवली आणि मग जाईना.

मी स्वतःला सांगत आले की माझ्या दुखण्याचा संबंध फक्त माझ्याशी आहे, ते मी पुढे ढकललं तर कुणाचं काय जातं? ते खोटं आहे. गावात बाई काय करते याकडे शंभर डोळे लागलेले असतात. आणि घरात मुलगी बघत असते. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, ती आता तेहेतीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिला म्हटलं, अगं एकदा तपासून घे. ती म्हणाली, "आई, मार्चएंड होऊ दे, मग बघते." वाक्य माझं होतं, नुसता महिना बदलला होता. मी त्या दिवशी तिच्याशी भांडले. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पुण्याला गेले, दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले आणि तपासणी करूनच तिला ऑफिसला सोडलं.

सेवेचा मला पश्चात्ताप नाही. सासूबाईंना मी पुन्हा तशीच सांभाळीन. पश्चात्ताप याचा आहे की त्या एकवीस दिवसांतले सात दिरांना सांगावेत, सात ह्यांनी घ्यावेत, हे माझ्या मनातही आलं नाही. हे परवा म्हणाले, "तू कधी बोललीच नाहीस." मला राग आला. मग कळलं की तेही खरंच आहे, आणि त्यांनी कधी विचारलं नाही हेही तितकंच खरं आहे. आता दोन्ही गोष्टी आम्ही एकमेकांना बोलून दाखवल्या आहेत.

निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. ते सरकारने पगारापुरतं ठरवलं आहे, शरीर ते पाळत नाही. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तिशीपासून करायची असते. हाडांची खरी झीज पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होऊन जाते. साखर आणि रक्तदाब चाळिशीत गुपचूप वाढतात, काही दुखत नाही म्हणून कळत नाहीत. रक्त तर वयात आल्यापासून कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांना पंडुरोग निघाला. त्याच पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी एकदा तरी केलेल्या शंभरात दोघीसुद्धा नव्हत्या. जी वर्षं मी नंतरसाठी राखून ठेवली होती, त्यांच्या आधीच हे सगळं घडून गेलेलं असतं. माझं घडून गेलं.

आता दर रविवारी सकाळी मी हाडांची गोळी घेते. उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. ताठ बसायचं. मी ओट्यावरचा चहा सोडून अंगणातल्या खुर्चीवर बसते. हे चहा स्वतः करून घेतात. कुणासाठी काहीही न करता बसलेला असा अर्धा तास मला माझ्या उभ्या नोकरीत आठवत नाही. पहिले काही रविवार मला चोरी केल्यासारखं वाटायचं, आता वाटत नाही. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आलं आहे. मनगट पूर्ण वळत नाही, वळणारही नाही असं म्हणतात.

ज्या अजून नोकरीत आहेत, शेतात आहेत, घरात आहेत, त्या सगळ्या मैत्रिणींना आणि पोरींना माझी हात जोडून विनंती आहे. तीस ओलांडली असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड, एवढं तिथे पैसे न घेता तपासतात. पिशवी काढा असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका, आणि आधीच काढलेली असेल तर आज ट्रंक उघडून तो कागद वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. नोकरी असेल तर त्यासाठी एक दिवस रजा टाका. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नका. आणि अर्जात कारणाच्या रकान्यात सासूबाईंचं, मुलाचं, घरगुती कामाचं काही लिहू नका. 'स्वतःची तपासणी' असं लिहा आणि खाली सही करा.